सूर्याच्या वादळांवर साऱ्या जगाचा पहारा

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथे एक नवल घडले. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटर उंचीवरच्या भारतीय खगोलीय वेधशाळेतील कॅमेऱ्यांनी क्षितिजाजवळ तांबडी झळाळी टिपली. तो वणवा नव्हता आणि पहाटेची लालीही नव्हती. नॉर्वे, आइसलँड किंवा उत्तर कॅनडातील लोकांच्या ओळखीचा असलेला ध्रुवीय प्रकाश त्या रात्री चक्क भारतातून दिसला होता. ती छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकली, ज्याच्या त्याच्या फोनवर पोहोचली आणि दोन-चार दिवसांत लोक ती विसरूनही गेले.

त्याच सुमारास अमेरिकेतील अनेक शेतकरी मात्र हात बांधून बसले होते. तिकडे पेरणीचे दिवस होते. उपग्रहांच्या इशाऱ्यावर सरळ रेषेत चालणारे त्यांचे ट्रॅक्टर वाट चुकू लागल्याने काम थांबवावे लागले. न्यूझीलंडमध्ये वीजवहन करणाऱ्या कंपनीने खबरदारी म्हणून काही वाहिन्या आपणहून बंद केल्या. लडाखचे लाल आकाश, अमेरिकेतले खोळंबलेले ट्रॅक्टर आणि न्यूझीलंडच्या बंद वाहिन्या या तिन्हींचे मूळ एकच होते. सूर्यावरच्या एका विस्तीर्ण डागसमूहातून एकामागून एक स्फोट झाले होते आणि त्यांचा मारा पृथ्वीवर येऊन पोहोचला होता.

हे वादळ येणार याची कल्पना शास्त्रज्ञांना होती का? होती. अमेरिकेच्या अवकाश हवामान केंद्राने आधीच पाचपैकी चौथ्या श्रेणीच्या वादळाची शक्यता जाहीर केली होती. जानेवारी २००५ नंतर असा इशारा प्रथमच दिला गेला होता. प्रत्यक्षात वादळ पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीपर्यंत गेले. २००३ च्या ऑक्टोबरनंतर असे वादळ झाले नव्हते. म्हणजे पाहुणा येणार हे कळले होते, पण तो किती मोठा लवाजमा घेऊन येणार हे नीट कळले नव्हते. हा अंदाज अधिक अचूक करण्यासाठी आज जगातील अनेक देश एकत्र राबत आहेत. त्यांच्या या खटपटीची ओळख आज करून घेऊ.

वीज, गडगडाट आणि सरी

सूर्य रोज उगवतो आणि रोज तसाच दिसतो, म्हणून आपण त्याला शांत समजतो. पण त्याचा पृष्ठभाग म्हणजे उकळत्या कढईसारखा सतत ढवळणारा तप्त वायू आहे. हा वायू विद्युतभारित असल्याने त्याच्या हालचालींतून प्रचंड चुंबकीय क्षेत्रे तयार होतात, पिळली जातात, गुंतत जातात. हा पीळ जेथे फार वाढतो तेथे आपल्याला सौरडाग दिसतात. डागांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि कमी होते. सध्याचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये ते आपल्या बहराच्या टप्प्यात असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

पिळलेली दोरी सुटावी तसे हे चुंबकीय पीळ कधी कधी एकदम सुटतात. मग जे घडते त्याची तुलना आपल्याकडच्या वळवाच्या पावसाशी करता येईल. आधी वीज चमकते, मागोमाग गडगडाट ऐकू येतो आणि मग सरी कोसळतात. सूर्याचा मारादेखील असाच तीन टप्प्यांत येतो. पहिला येतो लखलखाट, म्हणजे सौरज्वालेतील क्ष-किरण आणि अतिनील किरण. प्रकाशाच्या वेगाने ते साडेआठ मिनिटांच्या आत पृथ्वीवर पोहोचतात आणि रेडिओ संदेशांत खरखर निर्माण करतात. दुसरे येतात अतिवेगवान कण, काही वेळा अर्ध्या-पाऊण तासातच. त्यांचा धोका उपग्रहांतील नाजूक यंत्रणांना आणि अंतराळवीरांना असतो. सर्वांत शेवटी येतो तो विद्युतभारित वायूचा महामेघ. त्याचे वजन अब्जावधी टन असू शकते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे पंधरा कोटी किलोमीटरचे अंतर तोडायला त्याला एक ते तीन-चार दिवस लागतात. फारच जोरात सुटलेला मेघ त्याहून लवकर येतो.

या मेघाच्या पोटात सूर्याचे चुंबकीय क्षेत्र बांधलेले असते, आणि सगळी मेख तेथेच आहे. पृथ्वीलाही स्वतःचे चुंबकीय कवच आहे. मेघातील क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर बराचसा मारा कवचाला बगल देऊन निघून जातो. ती दक्षिणेकडे असेल तर मात्र कवचाच्या दाराची कडी जणू आतून निघते आणि ऊर्जा आत शिरते. तिच्यामुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाऊ लागते. यालाच चुंबकीय वादळ म्हणतात.

तारा, रोहित्रे आणि उपग्रह

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन हे खगोलनिरीक्षक सौरडागांचे चित्र काढत बसले होते. एकाएकी त्यांना डागांवर दोन झगझगीत ठिपके दिसले. रिचर्ड हॉजसन यांनीही स्वतंत्रपणे तेच दृश्य पाहिले. त्यानंतर अठरा तासही उलटले नव्हते तोच पृथ्वीवर अभूतपूर्व चुंबकीय वादळ आले. त्या काळी जगात विजेवर चालणारी एकच मोठी यंत्रणा होती, ती म्हणजे तारायंत्र. काही ठिकाणी तारमास्तरांना विजेचे धक्के बसले. अमेरिकेतील बोस्टन ते पोर्टलंड या मार्गावर तर बॅटऱ्या सोडवून ठेवल्या, तरी आकाशातून आलेल्या विजेवर तारा जात-येत राहिल्या!

हे कसे घडते? सायकलच्या डायनमोत चुंबक फिरला की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि दिवा लागतो. चुंबकीय वादळात पृथ्वीचे क्षेत्रच हलते, आणि शेकडो किलोमीटर पसरलेल्या वीजवाहिन्या या डायनमोतल्या तारेचे काम करतात. त्यांत नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि तो मोठमोठ्या रोहित्रांत शिरतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात असेच झाले. दीड मिनिटाच्या आसपास सगळी वीजयंत्रणा कोसळली आणि सुमारे ६० लाख लोक जवळजवळ नऊ तास अंधारात राहिले.

उपग्रहांचे दुखणे वेगळे. वादळात पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थर तापतो आणि फुगतो. त्यामुळे खालच्या कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहांना हवेचा अडथळा होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह नुकतेच सोडण्यात आले होते. त्यानंतर आलेले वादळ काही फार मोठे नव्हते, तरी त्यांपैकी ३८ उपग्रह वर चढू शकले नाहीत आणि वातावरणात जळून गेले.

एका प्रसंगी तर याहून मोठा अनर्थ थोडक्यात टळला. २३ मे १९६७ रोजी अलास्का, ग्रीनलंड आणि इंग्लंड येथील अमेरिकेची क्षेपणास्त्र-सूचक रडारे एकाच वेळी निकामी झाल्यासारखी दिसू लागली. शीतयुद्धाचा काळ. सोव्हिएत संघानेच रडारे जाम केली असा संशय येऊन अमेरिकी हवाई दलाची विमाने सज्ज होऊ लागली. पण सुदैवाने त्या सुमारास हवाई दलाने सूर्याचे निरीक्षण करणारी माणसे नेमलेली होती. आदल्या काळात सूर्यावर मोठी ज्वाला उसळली आहे आणि हा तिचाच प्रताप आहे, हे त्यांनी वेळेवर वरिष्ठांपर्यंत पोहोचवले. विमाने जमिनीवरच राहिली. ही हकीगत जगाला सविस्तर कळली ती २०१६ मध्ये. सूर्याकडे कोणीतरी लक्ष ठेवून असणे किती मोलाचे आहे, हे सांगायला याहून वेगळा दाखला नको.

कुलाब्याची वही

आता पुन्हा १८५९ कडे वळू, कारण त्या वादळाचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्या मुंबईत जपलेला होता. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित मोजणी सुरू झाली. हे काम मुंबईपुरते नव्हते. जर्मनीतील गाउस, वेबर आणि हुंबोल्ट यांनी त्या आधीच्या दशकात एक कल्पना मांडली होती. पृथ्वीचे चुंबकत्व समजून घ्यायचे तर जगभर एकाच पद्धतीने, ठरलेल्या वेळी मोजमापे घेतली पाहिजेत, अशी ती कल्पना. तिच्यातून उभ्या राहिलेल्या वेधशाळांच्या साखळीतील एक कडी म्हणजे कुलाबा.

२ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकांना आकडे भराभर उतरताना दिसले. एरवी ते तासातासाने नोंद करत. त्या दिवशी त्यांनी काही मिनिटांच्या अंतराने डोळ्यांनी आकडे वाचून वहीत उतरवले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने, म्हणजे तेथील नेहमीच्या मानाच्या चार टक्क्यांच्या आसपास खाली गेला होता. आज ही घट शंभरावर गेली तरी शास्त्रज्ञ वादळाला तीव्र म्हणतात, यावरून त्या सकाळचा प्रकार ध्यानात यावा.

या वह्या मग वर्षानुवर्षे पडून राहिल्या. २००३ मध्ये अमेरिकेचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्षसिंग लाखिना व सोभना अॅलेक्स यांनी मिळून या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वादळात इंग्लंडमधील उपकरणांच्या रेघा नोंदपट्टीच्या बाहेर गेल्या होत्या. शिवाय ध्रुवांजवळच्या ठिकाणी ध्रुवीय प्रकाशाच्या प्रवाहांची भेसळ होते. विषुववृत्ताच्या त्या मानाने जवळ असलेल्या कुलाब्याची नोंद अखंड होती, म्हणून ती इतकी मोलाची ठरली. अर्थात ही एका ठिकाणची, काही मिनिटांची नोंद आहे. तासाची सरासरी काढली तर आकडा बराच उतरतो, आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये चर्चा होत असते. पण मोठ्यात मोठे वादळ किती मोठे असू शकते याचा हिशेब करताना जगभरातले अभ्यासक आजही कुलाब्याच्या त्या आकड्यांकडे येतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने मोजमापे बिघडली असती. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. इमारतीत लोखंडाचा खिळाही येऊ नये अशी काळजी घेण्यात आली. इतकेच करून ते थांबले नाहीत. कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी त्यांनी सुमारे दोन वर्षे एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा. अलिबागची वेधशाळा आजही काम करते. पावणेदोनशेहून अधिक वर्षांची अशी सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

एकट्याचे काम नव्हे

पावसाचा अंदाज वर्तवायला शेजारच्या देशांची माहिती लागते. सूर्याच्या बाबतीत तर साऱ्या पृथ्वीचीच गरज पडते, कारण साधे आहे. कोणत्याही देशात रात्र होतेच! सूर्य मावळला की तेथली दुर्बीण आंधळी होते, सूर्यावरची उलथापालथ मात्र थांबत नाही. म्हणून 'गाँग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पात एकसारख्या सहा दुर्बिणी पृथ्वीभोवती बसवण्यात आल्या. अमेरिकेत कॅलिफोर्निया व हवाई बेट, ऑस्ट्रेलियात लिअरमंथ, स्पेनच्या ताब्यातील टेनेरिफ बेट, दक्षिण अमेरिकेत चिली आणि भारतात उदयपूर. फतेहसागर तलावातील बेटामुळे प्रसिद्ध असलेली उदयपूरची सौर वेधशाळा या साखळीत आहे. १९९५ मध्ये ही साखळी पूर्ण झाली. मूळ हेतू सूर्याची कंपने मोजून त्याच्या पोटात काय चालले आहे हे पाहण्याचा होता. पुढे हीच माहिती अवकाश हवामानाच्या अंदाजासाठी रोजच्या वापरात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाईच्या मौना लोआ ज्वालामुखीचा लाव्हा वाहत आला आणि तेथील वेधशाळांचा रस्ता व वीज तोडून गेला. अशा वेळी उरलेल्या केंद्रांची किंमत कळते.

या सहकार्याचा इतिहास जुना आहे. १९२८ मध्येच पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून सूर्य आणि भूचुंबकत्वाच्या दैनंदिन नोंदी सांकेतिक संदेशांच्या रूपात रेडिओवरून प्रसारित होऊ लागल्या होत्या. १९५७-५८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष साजरे झाले, ते मुद्दाम सौरडागांच्या बहराच्या काळात. त्यात ६७ देश सामील होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांकडे डोळे वटारून पाहत होते, तरी त्यांच्या शास्त्रज्ञांनी मोजमापांची देवाणघेवाण करायचे मान्य केले आणि त्यासाठी जागतिक माहिती केंद्रे स्थापन झाली. त्याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय अवकाश पर्यावरण सेवेत आज अनेक देशांची प्रादेशिक इशारा केंद्रे जोडलेली आहेत.

भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा जन्मदेखील याच विषयाच्या कुशीत झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. केरळमधील थुंबा हे गाव विक्रम साराभाई यांनी निवडले, कारण पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळच जाते. वातावरणाच्या वरच्या थरातील विद्युत प्रवाहांचा अभ्यास करायला ती नामी जागा होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून उडालेले पहिले रॉकेट अमेरिकेचे होते, त्यातील उपकरण फ्रान्सचे होते आणि सोव्हिएत संघानेही साहाय्य केले होते. १९६८ मध्ये इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला अर्पण केले. आजही चुंबकीय विषुववृत्ताजवळचा हा प्रदेश उपग्रहांच्या संदेशांना चकवणारा म्हणून ओळखला जातो. म्हणूनच भारतातील मोजमापांखेरीज जगाचा अंदाज अपुरा राहतो, आणि जगाच्या मोजमापांखेरीज आपला.

अगदी वादळाची ताकद सांगणारा आकडादेखील एकट्या देशाचा नाही. दक्षिण आफ्रिका, जपान, हवाई आणि पोर्तो रिको येथील चार वेधशाळांच्या नोंदी एकत्र करून जपानच्या क्योतो विद्यापीठात हा निर्देशांक काढला जातो. तो जितका शून्याखाली, तितके वादळ मोठे. १९८९ मध्ये तो उणे ५८९ पर्यंत उतरला होता, २०२४ च्या मे महिन्यात उणे ४०० च्या आसपास.

पंधरा लाख किलोमीटरवरची चौकी

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर एक खास जागा आहे. तेथे सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा असा मेळ बसतो की यान थोड्या इंधनात पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहते. शास्त्रज्ञ तिला 'एल-१' म्हणतात. युरोप आणि अमेरिका यांनी मिळून १९९५ मध्ये सोडलेले 'सोहो' यान तेथे आहे. त्याचे नियोजित आयुष्य दोन वर्षांचे होते, पण तीन दशकांनंतरही ते उपयोगी पडत राहिले. १९९७ मध्ये 'एस' आणि २०१५ मध्ये 'डिस्कव्हर' ही अमेरिकी याने सोडण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने खास अवकाश हवामानासाठी आणखी एक यान तिकडे रवाना केले.

भारताचे 'आदित्य एल-१' २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी या जागेभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावर सात उपकरणे आहेत. बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे उपकरण सूर्यबिंब झाकून जणू कृत्रिम खग्रास ग्रहण घडवते आणि सूर्याचे प्रभामंडल न्याहाळते. पुण्याच्या 'आयुका'त तयार झालेली दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याची छायाचित्रे घेते. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत नसल्याने ते काम अवकाशातूनच करावे लागते. बाकीच्या उपकरणांपैकी काही क्ष-किरण टिपतात, तर काही यानावरून वाहणारा सौरवारा आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र मोजतात.

मे २०२४ च्या वादळाने एवढा जोर का धरला, याचा उलगडा करताना या सर्व चौक्यांचा एकत्रित उपयोग झाला. भारतीय शास्त्रज्ञांनी 'आदित्य'ची आणि सहा अमेरिकी उपग्रहांची मोजमापे शेजारी शेजारी मांडली. तेव्हा असे दिसले की सूर्याकडून निघालेले मेघ वाटेत एकमेकांवर आदळले होते. त्या टकरीत त्यांच्या पोटातील चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्या होत्या, आणि हा प्रकार तब्बल तेरा लाख किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात चालला होता. पृथ्वीच्या व्यासाच्या जवळजवळ शंभरपट! एखाद्या यानाला त्या प्रचंड मेघाचा एकच धागा दिसला असता. सात ठिकाणचे धागे एकत्र आले तेव्हा कापडाचा पोत ध्यानात आला.

अजून उणे काय?

एवढी तयारी असूनही अंदाज का चुकतो? मेघ सूर्यावरून निघताना दिसतो, त्याचा वेगही मोजता येतो. त्यावरून तो केव्हा पोहोचेल हे सांगता येते, पण त्यात कित्येक तासांची चूक राहते. त्याच्या पोटातील चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आहे की दक्षिणेकडे, हे मात्र तो 'एल-१'वरील यानांना भिडेपर्यंत खात्रीने कळत नाही. सेकंदाला सातशे किलोमीटर वेगाच्या मेघाला तेथून पृथ्वीवर यायला जेमतेम ३६ मिनिटे लागतात. त्याहून वेगवान असेल तर पंधरा-वीस मिनिटेच. म्हणजे दारावर थाप पडल्यावर आवराआवर करायची!

दुसरी अडचण अशी की समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग समोरून नीट कळत नाही, तो बाजूने चांगला कळतो. म्हणून युरोपीय अवकाश संस्था 'व्हिजिल' हे यान २०३१ मध्ये सोडण्याची तयारी करत आहे. ते पृथ्वीच्या कक्षेतच, पण बरेच मागे राहून सूर्याकडे आणि मेघांच्या वाटेकडे बाजूने पाहील. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने जे डाग पृथ्वीसमोर यायला अजून चार-पाच दिवस आहेत, तेही त्याला आधी दिसतील. अमेरिकेचे 'पार्कर' यान तर २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्यपृष्ठापासून अवघ्या ६१ लाख किलोमीटरवरून गेले. मेघ आणि सौरवारा जेथे जन्मतात, त्या जागेची माहिती ते आणत आहे.

तिसरी अडचण विज्ञानाची नसून माणसांची आहे. नवे यान सोडायला पैसा मिळतो, त्याचा समारंभ होतो. रोज तेच ते आकडे टिपणाऱ्या वेधशाळेला तेवढे कौतुक मिळत नाही. एखाद्या देशाने खर्च कमी करण्यासाठी आपले केंद्र बंद केले किंवा राजकीय रुसव्यापोटी माहिती देणे थांबवले, तर साखळीत खिंडार पडते आणि त्याचा फटका सगळ्यांना बसतो. १८५९ च्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकांनी 'आज काही विशेष नाही' म्हणून वही मिटली असती, तर १४४ वर्षांनंतर त्या वादळाचे माप काढायला इतका चांगला आधार उरला नसता.

आपण काय करावे?

सर्वसामान्य कुटुंबाने या वादळांना घाबरण्याचे कारण नाही. जमिनीवर राहणाऱ्या माणसांना वातावरणाचे जाड पांघरूण आणि पृथ्वीचे चुंबकीय कवच या दोहोंचे संरक्षण आहे. अधूनमधून फोनवर एक संदेश फिरत असतो. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन या वेळात अवकाशातून घातक किरण येणार आहेत, फोन बंद करून अंगापासून दूर ठेवा' असे त्यात लिहिलेले असते. त्यात काडीचे तथ्य नाही. सौरवादळ अशी वेळ ठरवून येत नाही, आणि उशाजवळचा फोन बंद केल्याने त्यात काही फरकही पडत नाही. असा संदेश पुढे न पाठवणे हीच खरी खबरदारी.

काळजी घ्यायची ती यंत्रणा चालवणाऱ्यांनी, आणि ते ती घेऊ लागले आहेत. नोव्हेंबर २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेत विमान कंपन्यांना अवकाश हवामानाचे इशारे नियमित मिळतात. त्यांतील एक केंद्र ऑस्ट्रेलिया, कॅनडा, फ्रान्स आणि जपान हे देश मिळून चालवतात. युरोपातील अनेक देशांचे मिळून आणखी एक आहे. इशारा आला की ध्रुवाजवळून जाणारी विमाने वाट बदलू शकतात, वीजकेंद्रे भार कमी करू शकतात, उपग्रह चालवणारे नाजूक उपकरणे काही काळ झोपवून ठेवू शकतात. त्यासाठी काही तासांची पूर्वसूचना पुरते. आज हाती असलेल्या अर्ध्या तासाचे ते काही तास व्हावेत, यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

घरात विज्ञानाची आवड असलेली मुले असतील तर त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. नेहरू तारांगण पाहायला मुंबईला जाता, अलिबागला समुद्रावर जाता, उदयपूरला तलाव बघायला जाता. त्याच अलिबागेत आणि त्याच उदयपुरात सूर्याच्या लहरींची रोजची नोंद ठेवणारी माणसे काम करत आहेत. त्यांनी आज टिपलेला आकडा कोणाच्या उपयोगी पडेल, अमेरिकेतल्या, जपानमधल्या की अजून जन्मालाही न आलेल्या एखाद्या अभ्यासकाच्या, हे त्यांना माहीत नसते. तरी तो रोज, नेमाने टिपला जातो.